ठमीला भूगोल येत होता

शिक्केवाल्याने मुलीचं प्रगतिपुस्तक तीनदा वाचलं, चष्मा पुसला आणि चौथ्यांदा वाचलं. आकडे काही बदलले नाहीत. भूगोल लेखी, तीसपैकी सत्तावीस. भूगोल नकाशा, वीसपैकी दोन. खाली लाल शाईत शेरा होता. दोन्ही भागांत स्वतंत्रपणे उत्तीर्ण होणे आवश्यक. फेरपरीक्षा चार आठवड्यांनी. त्यातही अनुत्तीर्ण झाल्यास विद्यार्थिनीस आठवीतच बसावे लागेल.

बरं, नापासच व्हायचं तर मुलीने एखाद्या परक्या विषयात व्हावं. या घराचं पोट नकाशांवर चालत होतं. दुकानात ‘खरी प्रत’ आणि ‘तातडीचे’ असले शिक्के बनत, पण निम्मं काम शाळांचं. वर लाकडी मूठ आणि खाली रबरात कोरलेलं जग. शिक्षक तो शिक्का शाईच्या गादीवर दाबतात, वहीत ठप्पा मारतात आणि मुलं त्यात नद्या नि वाळवंटं भरत बसतात. शहरातल्या निम्म्याअधिक वह्यांमध्ये याच माणसाची आफ्रिका उमटली होती. आणि त्याच माणसाची मुलगी, आठव्या वर्षापासून त्याच्या टेबलाशी बसणारी ठमी, नकाशात नापास. शिक्केवाल्याला रागही आला नाही. तो नुसता बुचकळ्यात पडला.

“वीसपैकी दोन?” त्याने विचारलं. त्याचा आवाज नेहमीच जरा वर असे.

“येत नाही मला नकाशा,” ठमी म्हणाली आणि नखं बघू लागली.

“येत नाही कसा? रोज काय करतेस मग माझ्यासमोर?”

रोज ती काय करायची, ते सांगायला हवं. नवा शिक्का तयार झाला की शिक्केवाला त्याचा ठसा कोऱ्या कागदावर मारी आणि रेष न् रेष तपासून बघे. ठमी समोरच्या स्टुलावर बसलेली असे. तो म्हणायचा, “ॲमेझॉन?” आणि तिचं बोट टपकन तिथे पडायचं. “सहारा?” टपकन. “मादागास्कर?” टपकन. बापलेकींचा हा खेळ पाच वर्षं चालला होता, आणि एखादं बेट कोरायचं राहिलं असलं तर ते आधी तिलाच दिसायचं.

आत्ताही त्याने कागद ओढला, ठसा मारला आणि भराभर पंधरा नावं विचारली. पंधराच्या पंधरा बरोबर. मग त्याने शाळेतून आलेली उत्तरपत्रिका उघडली. तिच्यात ऑस्ट्रेलियातलं वाळवंट उत्तर अमेरिकेत होतं, ॲमेझॉन आफ्रिकेत शिरली होती, आणि ज्या नाईलला ठमी दुधाचे दात पडायच्या वयापासून ओळखत होती ती नाईल उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहत होती. बाजूला बाईंनी तीन उद्गारचिन्हं काढली होती.

“ही दुसऱ्या कुणाची तरी आहे,” तो बायकोला म्हणाला.

बायको त्याच्यासमोर येऊन उभी राहिली आणि सावकाश म्हणाली, “अक्षर तिचंच आहे.”

ती समोर येऊन उभी राहिली, कारण या घरात बोलायचं तर समोर यावंच लागे. पाच वर्षांपूर्वी एका तापाने शिक्केवाल्याचे दोन्ही कान नेले होते. डॉक्टरांनी यंत्र दिलं, पण ते लावलं की शब्द कमी आणि खडखडाट जास्त. शेवटी ते खणात गेलं आणि तो ओठांवरून बोलणं वाचायला शिकला. घरही त्याच्याबरोबर शिकलं. जेवायला तो टेबलाच्या एका बाजूला आणि मायलेकी दुसऱ्या बाजूला बसत. पाहुणा आला की त्याला हाताला धरून समोरच्या खुर्चीवर नेत. शेजारी कुणी बसतच नसे. सुरुवातीला ही अडचण होती, मग सवय झाली आणि नंतर तर ती सवय आहे हेही सगळे विसरून गेले.

बायको दुकानाचा गल्ला, फोन आणि नवऱ्याचे कान अशा तिन्ही आघाड्या सांभाळायची. तिने त्याच दिवशी फोन फिरवायला सुरुवात केली. गणिताच्या शिकवण्या चिक्कार, इंग्रजीच्या त्याहून जास्त. भूगोल म्हटलं की पलीकडचा माणूस आधी हसायचा. एकाने तर विचारलं, “भूगोलाला शिकवणी? वहिनी, पाठ करायला लावा की!” चार दिवस ती भंडावून गेली. पाचव्या दिवशी एक निवृत्त मुख्याध्यापक सापडले.

सर कडक इस्त्रीत आले. बरोबर स्वतःची पट्टी, स्वतःचा खडू आणि फळा नसल्याबद्दलची नाराजी. शिकायचं ठमीला होतं, म्हणून या खेपेला पाहुण्याला तिच्यासमोर बसवलं, टेबलाच्या एका बाजूला सर आणि शिक्केवाला, दुसऱ्या बाजूला ठमी. सरांनी नकाशा स्वतःपुढे नीट मांडला आणि प्रश्न सुरू केले. त्यांचे ओठ शिक्केवाल्याला दिसत नव्हते, पण ठमीचं बोट दिसत होतं. ते बोट टपटप पडत होतं, आणि दर खेपेला सरांची मान डोलत होती. विसाव्या प्रश्नाला मान थांबली. सरांनी पट्टी पिशवीत घातली आणि शिक्केवाल्याकडे वळले.

“तुम्ही माझी परीक्षा घेताय का?” त्यांनी विचारलं. “या मुलीला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नाही.”

“पण सर, वीसपैकी दोन...”

“मग शाळा बदला!” असं म्हणून सर जिना उतरले.

शिक्केवाला जिन्याच्या तोंडाशी उभाच राहिला. नापास मुलीला शिकवणी मिळेना, कारण ती फारच हुशार, हा प्रकार त्याने कुठे ऐकलाही नव्हता. अर्थात तो ऐकणार तरी कसा!

दुसरी आली ती कॉलेजात भूगोल शिकणारी एक हसरी पोरगी. तिने स्वतःचे नकाशे आणले होते, पर्वतांचे वेगळे, वाऱ्यांचे वेगळे, समुद्रातल्या प्रवाहांचे वेगळे. तीही समोर बसली, तिनेही नकाशे स्वतःपुढे पसरले. तासाभराने पाहावं तर दोघी खिदळत होत्या आणि ठमीच तिला विचारत होती, “ताई, आता तुम्ही सांगा, बेरिंगची सामुद्रधुनी कुठे?”

“काका, तुमच्या मुलीने माझीच उजळणी करून घेतली,” ताई निघताना म्हणाली. “परीक्षेत घाबरत असेल बिचारी. तिला भूगोलाची शिकवणी नको, धीर हवाय.”

झालं. मग आठवडाभर धीर देण्याचा कार्यक्रम झाला. बायकोने दिला, शेजारणीने दिला, शिक्केवाल्याने तर इतक्या मोठ्या आवाजात दिला की पोरगी दचकली. त्यानंतर शाळेत सरावाची चाचणी झाली. वीसपैकी एक.

फेरपरीक्षेला तेरा दिवस उरले होते. त्या दुपारी तो एकटाच दुकानात बसून शिक्क्यांकडे बघत राहिला. रबरावर सगळं उलटं कोरावं लागतं, डावीकडचं उजवीकडे, तेव्हा कुठे कागदावर सुलटं उमटतं. या उलट्या धंद्याने तर पोरीच्या डोक्यात घोळ घातला नसेल? पण तसं असतं तर टेबलावर तिचं बोट बरोबर कसं पडतं? एक विचार सरळ केला की दुसरा उलटा व्हायचा. मुलीची त्याला काळजी वाटत होती आणि त्याहून जास्त लाज वाटत होती, स्वतःची. आपल्याच पोरीचं काय चुकतंय ते बापाला कळू नये!

तिसऱ्या बाई बायकोला योगायोगाने सापडल्या. जमीन मोजणीच्या कार्यालयात त्यांनी तीस वर्षं नकाशे काढले होते, आणि कार्यालयाचा जुना शिक्का झिजला म्हणून नवा करून घ्यायला त्या दुकानात आल्या होत्या. शिकवण्या त्या करत नसत. पण बायकोने सगळी कहाणी सांगितली तेव्हा त्यांनी हातातली पिशवी खाली ठेवली. “दोन शिक्षक म्हणतात येतं, शाळा म्हणते येत नाही?” त्या म्हणाल्या. “मला बघू दे.”

संध्याकाळी त्या घरी आल्या. बायकोने सवयीने त्यांना ठमीसमोरची खुर्ची दाखवली.

“तिथे नको. इतक्या वर्षांच्या बारीक रेघांनी डोळ्यांचं वाटोळं केलंय,” बाई म्हणाल्या. “कागद आणि पोरीचं बोट, दोन्ही माझ्या नाकाखाली हवं.” आणि त्या सरळ ठमीच्या शेजारी जाऊन बसल्या.

शिक्केवाला टेबलापलीकडे एकटाच राहिला. आता त्याला दोघींचे ओठ दिसत होते. बाईंनी नकाशा स्वतःपुढे आणि ठमीपुढे सरळ ठेवला. “नाईल दाखव,” त्या म्हणाल्या.

ठमीचं बोट उचललं गेलं आणि हवेतच राहिलं.

“सहारा?”

काही नाही.

“बरं, ऑस्ट्रेलिया तरी?”

ठमीने ओठ घट्ट मिटले. तिचे डोळे भरून आले. शिक्केवाला खुर्चीतून अर्धा उठला. ही तीच मुलगी, हेच टेबल, हाच नकाशा! “अगं, काय झालं तुला?” तो ओरडला.

बाईंनी त्याला हाताने बसायची खूण केली. त्या काही वेळ ठमीकडे बघत राहिल्या, मग तिच्या समोर बसलेल्या बापाकडे, मग कागदाकडे. मग त्यांनी कागदाच्या कोपऱ्याला बोट लावलं आणि तो पूर्ण फिरवला, उत्तर ध्रुव पोरीच्या पोटाकडे आणि दक्षिण ध्रुव बापाकडे... पण नाही, बापाला आता तो सरळ दिसत होता की उलटा? शिक्केवाल्याचाच क्षणभर गोंधळ झाला. सरळ. त्याला सरळ दिसत होता. रोज दिसतो तसाच.

“नाईल,” बाई म्हणाल्या.

टपकन.

“सहारा. ॲमेझॉन. मादागास्कर. बेरिंग.”

टप, टप, टप, टप.

“पोरीला सगळा भूगोल येतो,” बाई शिक्केवाल्याकडे बघून सावकाश म्हणाल्या. “पण पलीकडून येतो. तिने जग तुमच्या समोर बसून पाहिलंय. तिच्या जगात ऑस्ट्रेलिया वर डाव्या कोपऱ्यात असतो आणि नाईल तिच्या अंगावर वाहत येते. शिक्षक समोर बसले म्हणून त्यांना कळलं नाही. तुम्हाला कळणं तर शक्यच नव्हतं.”

बायकोने कपाळाला हात लावला. “मग शाळेत कागद फिरवून घ्यायचा ना, ठमे!”

“घेतला होता,” ठमी म्हणाली. “पहिल्याच परीक्षेत. बाईंनी येऊन सरळ करून दिला. म्हणाल्या, नकाशा असा धरतात होय? सगळा वर्ग हसला.”

दुसऱ्या दिवशी शिक्केवाला बायकोला घेऊन शाळेत गेला. भूगोलाच्या बाई तशा वाईट नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि त्याच्याकडे तोंड करून म्हणाल्या, “फेरपरीक्षेत फिरवू दे, मी बघितलं न बघितल्यासारखं करीन. पण पुढच्या वर्षी भिंतीवरचा नकाशा असतो. ती भिंत कशी फिरवणार?”

नकाशेवाल्या बाईंचा उपाय एका वाक्याचा होता. ठमीने बारा दिवस बापाच्या शेजारी बसायचं, समोर अजिबात नाही, आणि तोच खेळ खेळायचा.

स्टूल टेबलाच्या अलीकडे आलं. पहिल्या दिवशी ठमी तीसपैकी चार ठिकाणी बोट ठेवू शकली. तिसऱ्या दिवशी नऊ. शिक्केवाला नाव विचारायचा आणि बोटाकडे बघायचा. बोट दिसायचं, पोरगी दिसायची नाही. शेजारी बसलेल्या माणसाचा खांदा दिसतो, केस दिसतात, फार तर गाल. ओठ बघायचे तर दर वेळी मान वळवावी लागते, आणि हातात कोरायची सुरी असताना मान वळवून चालत नाही. एकदा वळवली आणि ग्रीनलंडचा लचका गेला. मग त्याने वळवणं सोडलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच तो खरोखर बहिरा झाला. पोरगी शेजारी बसली होती आणि त्याला काही कळत नव्हतं. त्याला वाटायचं, आता ही काय सांगतेय? शाळेतलं? मैत्रिणीचं? की नुसती गप्पच आहे?

सहाव्या दिवशी तो कोरत होता आणि बायको समोर गल्ल्यापाशी पाकिटं भरत होती. सहज वर बघितलं तर तिचे हात थांबलेले. ती ठमीकडे बघत होती आणि तिचा चेहरा बदलला होता.

“काय म्हणतेय ती?” त्याने विचारलं.

“काही नाही,” बायको म्हणाली. “नद्या म्हणतेय.”

पाच वर्षं ज्या माणसाने बायकोचे ओठ वाचले त्याला तिचं खोटं वाचता येणार नाही होय? नद्यांची नावं ऐकून कुणाचे डोळे भरतात? पण ठमीचं डोकं खाली होतं, बोट कांगो नदीवर होतं, आणि बोट बरोबर होतं. त्याने सुरी खाली ठेवली, पुन्हा उचलली. विचारावं की विचारू नये हेच त्याला कळेना. त्या दिवशीचा तो शिक्का वाया गेला.

संध्याकाळी त्याने बायकोला स्वयंपाकघरात गाठलं आणि दिव्याखाली उभं केलं. “खरं सांग.”

“ती रोज बोलते तुझ्याशी,” बायको म्हणाली. “रोज. तुला कळत नाही हे तिला माहीत आहे, म्हणून बोलते. आज म्हणत होती, मला पहिल्याच परीक्षेत कळलं होतं नकाशा का चुकतो ते. पण सांगितलं असतं तर बाबांनी मला शेजारी बसवलं असतं, आणि मग बाबा कुणाशी बोलणार?”

शिक्केवाल्याने हे वाचलं. आपण नीट वाचलं का, असं त्याला वाटलं. “पुन्हा सांग,” तो म्हणाला. बायकोने पुन्हा सांगितलं. तेच होतं.

तेरा वर्षांची मुलगी वर्ष वाया घालवायला निघाली होती, बापाला बोलायला माणूस राहावं म्हणून. आणि बाप दारोदार शिक्षक शोधत होता. त्याला हुंदका फुटला, आणि तो किती मोठा होता हे त्याला एकट्यालाच ऐकू आलं नाही. बाहेरच्या खोलीतून ठमी धावत आली. दारातच थांबली.

त्याने तिला समोर उभं केलं. “पास व्हायचं,” तो म्हणाला. “माझ्याशी कोण बोलणार ते मी बघीन. कळलं? तू पास व्हायचं.”

“कळलं,” ठमी म्हणाली, आणि त्याला नीट दिसावं म्हणून ओठ मोठे हलवून म्हणाली.

उरलेले सहा दिवस तिने शेजारी बसून काढले आणि तोंडातून अक्षर काढलं नाही. फेरपरीक्षेत कागद फिरवला नाही. वीसपैकी चौदा आले. दोन नद्या चुकल्या आणि एक वाळवंट चुकलं, पण नाईल उत्तरेकडे वाहिली. भूगोलाच्या बाईंनी तिच्या बाजूला फक्त एक बरोबरची खूण केली होती, उद्गारचिन्ह नाही.

निकाल घेऊन ठमी दुकानात आली तेव्हा शिक्केवाल्याच्या टेबलावर नव्या शिक्क्याचा पहिला ठसा वाळत होता. त्याने प्रगतिपुस्तक वाचलं, या वेळी एकदाच. मग त्याने स्टूल उचललं, वळसा घालून पलीकडे नेलं आणि समोर ठेवलं.

ठमी बसली. तिने टेबलावरचा नकाशा पाहिला. तो बापाला सरळ होता. तिने त्याचा कोपरा धरला आणि तो फिरवून आपल्याकडे सरळ केला.

“आता मी विचारणार,” ती म्हणाली. “नाईल?”

शिक्केवाल्याने हजारो वेळा ही नदी कोरली होती. त्याने समोरच्या उलट्या जगाकडे पाहिलं, चष्मा सारखा केला, बोट पुढे नेलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे नेलं आणि मोठ्या विश्वासाने ब्राझीलवर ठेवलं.

ठमी हसायला लागली. त्याने बोट तिथेच ठेवलं आणि तो वर तिच्याकडे बघत राहिला.